शेवटच्या फ्रॉस्टपासून पहिल्या फ्रॉस्टपर्यंत: अमेरिकेतली परसबाग कशी सांभाळायची

दर वर्षी मेच्या सुमारास ओळखीतल्या कुणाचा तरी फोटो येतो. वाफ्यात टोमॅटोची आठ-दहा रोपं, पानं उकडल्यासारखी, काळपट, लोळागोळा झालेली. खाली प्रश्न असतो: ‘फोनवर तर ३७ फॅरनहाइट दाखवत होतं, मग असं कसं झालं?’ ऑक्टोबरात दुसरा फोटो येतो, तो कढीपत्त्याचा. प्रश्न जवळपास तोच.

दोन्ही वेळा चूक आदल्या रात्रीची नसते. ती तीन-चार आठवडे आधी, क्रम चुकला तिथे झालेली असते. म्हणून हा लेख क्रमाने वाचा. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, तुमच्या गावावर पडत नाही, तुमच्या अंगणातल्या पानावर पडतो. गावाची तारीख ही फक्त सुरुवात असते, निर्णय अंगणात घ्यायचा असतो.

मी मध्य न्यू जर्सीत बाग करते, त्यामुळे खालच्या तारखा तिथल्या आहेत. शिकागो, बॉस्टन किंवा अटलांटाला तारखा बदलतील, पद्धत बदलणार नाही. तापमान फॅरनहाइटमध्येच दिलं आहे, कारण इथले थर्मामीटर आणि अंदाज त्यातच बोलतात. सेल्सिअसची सवय असलेल्यांसाठी: ३२ म्हणजे शून्य, ३६ म्हणजे साधारण २, ५० म्हणजे १०.

टप्पा १: झोन बाजूला ठेवा, तारखा शोधा

बी-बियाण्यांच्या पाकिटावर किंवा रोपाच्या चिठ्ठीवर ‘झोन ७’ असं काहीतरी असतं, आणि बरेच जण तो आकडा बघून लावणीची तारीख ठरवतात. अमेरिकी कृषी खात्याचा हा झोनचा नकाशा (ताजी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ची) एवढंच सांगतो की हिवाळ्यातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती खाली जाते. बहुवार्षिक झाड हिवाळा काढेल का, हे त्यावरून कळतं. शेवटचा फ्रॉस्ट कधी, याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. सिएटल आणि डॅलस यांचे झोन जवळजवळचे आहेत. दोन्हीकडे उन्हाळी भाज्या एकाच आठवड्यात लावून बघा म्हणजे कळेल.

तुम्हाला हवी आहे ती फ्रॉस्टची शक्यता सांगणारी सारणी. नॅशनल सेंटर्स फॉर एन्व्हायर्न्मेंटल इन्फर्मेशन या सरकारी संस्थेने १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवरून ती हवामान-केंद्रवार दिली आहे. तुमच्या राज्याच्या विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या, विभागाकडेही ती मिळते. सारणीत ३६, ३२ आणि २८ अंशांसाठी वेगवेगळ्या टक्क्यांच्या तारखा असतात.

इथे पहिली मोठी गफलत होते. ‘सरासरी शेवटचा फ्रॉस्ट’ म्हणून जी तारीख सगळीकडे फिरते ती ५० टक्क्यांची असते. म्हणजे त्या तारखेनंतर पुन्हा फ्रॉस्ट पडण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवून टोमॅटो लावल्यासारखंच ते. थंडी न सोसणाऱ्या रोपांसाठी १० टक्क्यांची तारीख घ्या. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचं अंतर असतं. माझ्याकडे ५० टक्क्यांची तारीख एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते आणि १० टक्क्यांची मेच्या पहिल्या आठवड्यात.

वहीत चार तारखा लिहा: वसंतातल्या ५० आणि १० टक्क्यांच्या, शरदातल्या ५० आणि १० टक्क्यांच्या.

*तपासा:* वसंतात १० टक्क्यांची तारीख ५० टक्क्यांच्या नंतर येते, शरदात आधी. उलटं दिसत असेल तर तुम्ही सारणीचा स्तंभ चुकीचा वाचताय.

टप्पा २: आपल्या अंगणाचा ‘फरक’ काढा

हा टप्पा कुणीच करत नाही. मीही पहिली चार वर्षं केला नव्हता, आणि त्याची किंमत अठरा टोमॅटोंनी मोजली.

अंदाजातलं तापमान जमिनीपासून साधारण पाच फुटांवरच्या हवेचं असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि वरच्या हवेपेक्षा जास्त गार होतात. म्हणून हवा ३६ असताना पानावरचं दव गोठू शकतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दव गोठल्याची बातमी थंडीत येते, तेव्हा गावातला पारा बऱ्याचदा शून्याच्या कितीतरी वर असतो. बातमी खोटी नसते, पाराही खोटा नसतो. दोघं वेगवेगळ्या उंचीवरून बोलत असतात.

त्यात थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने खाली येते आणि खोलगट जागी साचते. तुमचं अंगण उताराच्या तळाशी असेल, किंवा उताराच्या खालच्या अंगाला भरीव लाकडी कुंपण असेल, तर ते थंडीचं तळं होतं. उलट दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीलगतचा वाफा दिवसभराची ऊब रात्री परत देतो.

करायचं ते असं:

१. कमाल-किमान नोंदवणारा साधा थर्मामीटर घ्या. वापरण्याआधी तपासा: पेल्यात चुरलेला बर्फ गच्च भरा, त्यात थोडं थंड पाणी घाला, ढवळा आणि थर्मामीटरची दांडी पाच मिनिटं बुडवून ठेवा. ३२ दाखवायला हवं. ३४ दाखवला तर तो दोन अंश जास्त सांगतो, हे त्यावर चिकटपट्टीने लिहून टाका. बुडवता न येणारा डिजिटल असेल तर त्याच्याशेजारी एक तपासलेला थर्मामीटर रात्रभर ठेवून तुलना करा.

२. तो वाफ्यात, रोपाच्या पानांच्या उंचीवर, उघड्या आकाशाखाली लावा. भिंतीवर, डेकच्या खांबाला किंवा झाडाखाली लावलात तर तो तुमची समजूत घालेल, माहिती देणार नाही.

३. एप्रिलमध्ये निरभ्र आणि शांत अशा दहा रात्री निवडा. रोज संध्याकाळी अंदाजातलं किमान तापमान लिहा, सकाळी थर्मामीटरवरचं किमान लिहा, वजाबाकी करा.

४. दहा वजाबाक्यांची सरासरी म्हणजे तुमच्या अंगणाचा फरक.

माझ्या मागच्या वाफ्याचा फरक ५ अंश निघाला, स्वयंपाकघराच्या भिंतीलगतच्या वाफ्याचा १. एकाच घराची दोन टोकं. तेव्हापासून अंदाज ३७ म्हणाला की मी मागच्या वाफ्यासाठी ३२ वाचते.

*सावध:* ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री मोजू नका. त्या रात्री फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि तुमची सरासरी फसवी निघते.

टप्पा ३: मागे मोजत पेरणी ठरवा

आता रोप बाहेर कधी जाणार ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजायचं. आपण करतो उलटं: फेब्रुवारीत बी टाकतो आणि मग रोप मोठं झालं म्हणून बाहेर काढतो. खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात वाढलेलं दोन फुटी, काटकुळं रोप हा थंडीचा पहिला बळी.

टोमॅटो: बाहेर १५ मेच्या सुमारास. बी त्याआधी ६ ते ८ आठवडे, म्हणजे २० मार्च ते एप्रिलचे पहिले दिवस.

मिरची आणि वांगी: बाहेर २२ मेच्या सुमारास. बी ८ ते १० आठवडे आधी, मार्चच्या मध्यापासून शेवटापर्यंत. मिरचीच्या बीला उगवायला ऊब लागते, ट्रेखाली गरम होणारी चटई ठेवली तर दहा दिवसांचं काम होतं, नाहीतर तीन आठवडे वाट बघा.

दुधी, दोडका, कारलं, पडवळ: मुळांना धक्का सोसत नाही. एक तर मेच्या पहिल्या आठवड्यात कागदी पेल्यात पेरून शेवटी पेल्यासकट लावा, किंवा मेअखेर थेट जमिनीत टोचा. कारल्याचं बी रात्रभर भिजवा.

भेंडी आणि गवार: थेट जमिनीत, मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत. यांना फ्रॉस्ट टळला एवढं पुरत नाही, माती तापलेली लागते. थंड मातीत भेंडीचं बी उगवत नाही, कुजतं. ‘बियाणं खराब निघालं’ अशा तक्रारींतल्या बऱ्याच इथल्या असाव्यात असा माझा संशय आहे.

गुढीपाडव्याला हात शिवशिवतात, त्यावर उपाय आहे. पालक, मोहरी, मटार, मुळा आणि कोथिंबीर यांना हलका फ्रॉस्ट चालतो. माती हातात घेऊन दाबल्यावर चिखलाचा गोळा न होता भुसभुशीत सुटत असेल, तर पाडव्याच्या आसपास हे पेरा. मेथीला गार हवा मानवते, पण मी ती आणखी पंधरा दिवसांनी टाकते आणि कडक थंडीची रात्र आली तर झाकते.

टप्पा ४: रोपांना बाहेरची सवय लावा

घरात वाढलेल्या रोपाने वारा पाहिलेला नसतो, थेट ऊन पाहिलेलं नसतं. लावणीआधी ७ ते १० दिवस त्याला हळूहळू बाहेर काढायचं.

पहिले दोन दिवस सावलीत, वाऱ्याआड, तास-दोन तास. मग सकाळचं कोवळं ऊन, रोज एखादा तास वाढवत. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत अर्धा दिवस ऊन. शेवटच्या दोन-तीन रात्री रोपं बाहेरच ठेवायची, पण रात्रीचा पारा ५०च्या वर असेल तरच. या काळात पाणी थोडं कमी करा, खत बंद ठेवा. खताने येणारी लुसलुशीत वाढ थंडीला पहिली बळी पडते.

पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग पडले तर ती थंडी नाही, ऊन लागलंय. दोन दिवस मागे या आणि पुन्हा सुरू करा. हेच नियम घरात हिवाळा काढलेल्या कढीपत्ता, मोगरा आणि जास्वंदीलाही लागू आहेत. पहिल्या उबदार रविवारी त्यांना एकदम उन्हात मांडून ठेवणं ही आपल्या लोकांची आवडती चूक.

टप्पा ५: लावणीच्या दिवशी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत

तारीख, माती आणि पुढचे दहा दिवस.

तारीख म्हणजे टप्पा १ मधली १० टक्क्यांची तारीख उलटलेली असणं. माती म्हणजे सकाळी आठ-नऊच्या सुमारास चार इंच खोल थर्मामीटर खुपसून सलग तीन दिवस घेतलेलं मोजमाप: टोमॅटोला ६०, मिरची-वांग्याला ६५, भेंडीला ६५ ते ७०, गवारीला ७०. दुपारी मोजलेली माती खोटं बोलते. आणि पुढचे दहा दिवस म्हणजे अंदाजातल्या एकाही किमानातून तुमचा फरक वजा केल्यावर ४०च्या खाली आकडा न येणं.

तीनपैकी दोनच जुळले तर थांबा. इथले जुने बागकरी मदर्स डेचा, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारचा दाखला देतात, आणखी उत्तरेकडचे मेमोरियल डेचा, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारचा. ठोकताळा म्हणून ठीक आहे, पण तो तुमचं खोलगट अंगण ओळखत नाही. गार मातीत १ मेला लावलेला टोमॅटो तीन आठवडे नुसता बसून राहतो आणि २० मेला लावलेला जूनअखेर त्याला गाठतो. मी दोन्ही शेजारी-शेजारी लावून पाहिले आहेत. घाई करून मिळत काहीच नाही.

टप्पा ६: धोक्याची रात्र संध्याकाळीच ओळखा

नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर नकाशात तुमच्या घरावर टिचकी मारा आणि तासागणिक आलेख उघडा. फोनवरच्या गोंडस ॲपमध्ये फक्त एक किमान आकडा असतो. इथे चार रेषा मिळतात आणि चारही लागतात.

आकाश: ढग हे पांघरूण आहे. निरभ्र रात्र म्हणजे पांघरूण नाही.

वारा: मंद वाराही वरची उबदार हवा खाली मिसळत राहतो. मध्यरात्रीनंतर वारा पूर्ण पडणार असेल तर सावध.

दवबिंदू: हा आकडा बहुतेक जण बघतच नाहीत. हवा गार होत दवबिंदूला पोचली की बाष्पाचं दव होतं, त्यातून उष्णता सुटते आणि पारा उतरण्याचा वेग मंदावतो. संध्याकाळी दवबिंदू ४०च्या वर असेल तर सहसा निश्चिंत झोपा. तो ३५च्या खाली असेल, आकाश मोकळं आणि वारा शांत असेल, तर झाकायच्या तयारीला लागा. दवबिंदू फारच खाली असेल तर पांढरा थर दिसतच नाही. हवा कोरडी असल्याने गोठायला दव नसतं, पण पानातलं पाणी गोठतं. सकाळी वाफा कोरडा, आणि दुपारपर्यंत रोप काळं.

तापमान: किमानातून फरक वजा करा. ३६ किंवा कमी आलं तर झाका.

वेदर सर्व्हिसच्या सूचनांचे शब्दही ओळखून ठेवा. ‘फ्रॉस्ट ॲडव्हायझरी’ म्हणजे पारा ३३ ते ३६च्या दरम्यान आणि दव गोठण्याची शक्यता. ‘फ्रीज वॉच’ म्हणजे एक-दोन दिवसांत पारा ३२ किंवा खाली जाऊ शकतो. ‘फ्रीज वॉर्निंग’ म्हणजे तो जाणारच असं समजून चाला.

*सावध:* या सूचना फक्त त्या भागाचा पीकहंगाम सुरू असतानाच निघतात. तुम्ही हौसेने एप्रिलच्या सुरुवातीला रोपं लावलीत आणि त्या रात्री पारा ३० झाला, तरी सूचना येणार नाही, कारण त्यांच्या लेखी तेव्हा बाहेर कुणाचं नाजूक पीकच नाही. सूचना नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका.

टप्पा ७: झाकायचं कसं

कापड महत्त्वाचं आहेच, पण वेळ त्याहून महत्त्वाची. पांघरूण स्वतः गरम नसतं, ते मातीतली ऊब कोंडून ठेवतं. म्हणून सूर्य मावळण्याच्या थोडं आधी झाका. रात्री अकराला टॉर्च घेऊन धावलात तर कोंडायला ऊब उरलेलीच नसते.

क्रम असा ठेवा. दुपारी माती भिजवा, कारण ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते; पानं मात्र कोरडी ठेवा. मग काठ्या किंवा टोमॅटोचे पिंजरे रोवा, म्हणजे कापड पानांना टेकणार नाही. मग कापड टाका आणि चारही बाजूंनी जमिनीपर्यंत आणून विटांनी दाबा. सकाळी ऊन येऊन पारा ४०च्या वर गेला की काढा. सगळ्यात गार क्षण सूर्योदयाच्या आसपासचा असतो. ‘उजाडलं, आता काढूया’ म्हणून साडेसहाला काढणारे रात्रभराचं राखलेलं तिथेच घालवतात.

जुनी चादर, दुलई, सुती साडी यातलं काहीही चालतं. माझ्या सासूबाईंच्या दोन जुन्या नऊवारी गेली सहा वर्षं ही ड्यूटी करताहेत आणि एक साडी आठ फुटांचा वाफा सहज झाकते. बागेसाठी मिळणारं हलकं पांढरं कापड दोन ते चार अंशांचा आधार देतं, जाड असेल तर सहा-आठपर्यंत. नुसतं प्लास्टिक टाळा. ते जिथे पानाला चिकटतं तिथे पान जळतं, आणि सकाळी काढायला विसरलात तर आत भट्टी होते. प्लास्टिकच असेल तर ते कापडाच्या वर, पानाला न लागता.

आणखी एक नेहमीची चूक: कापड झाडाच्या शेंड्यावर टाकून बुंध्याशी दोरीने आवळणं. दिसायला लॉलीपॉप, उपयोगाला शून्य. ऊब खालून येते आणि खालचीच वाट तुम्ही बंद केलीत.

‘आमच्याकडे निफाडला थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, इथे करू का?’ असं एका भाच्याने विचारलं होतं. नको. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, धुराचा फारसा नाही, आणि उपनगरात अंगणात आग पेटवण्यावर बहुतेक ठिकाणी निर्बंध असतात. गॅरेजमध्ये कुंड्या नेऊन तिथे कोळशाची शेगडी ठेवणं तर जिवावरचं आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्रभर फवाराही मारू नका. फळबागांत ते पाणी सूर्य वर येईपर्यंत अखंड चालू ठेवतात. मध्येच बंद पडलं तर बाष्पीभवनाने रोप आणखी गार होतं.

वाऱ्यासह थंडी येणार असेल, म्हणजे उत्तरेकडून थंड हवेचा लोंढाच उतरत असेल, तर कापडाचा फायदा निम्म्यावर येतो. अशा वेळी उचलता येईल ते आत घ्या.

टप्पा ८: शरदात मोजणी उलटी करा

पहिला फ्रॉस्ट माझ्याकडे साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. तिथून मागे मोजा.

टोमॅटोच्या फुलाचं पिकलेलं फळ व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर आलेलं फूल हे फक्त झाडाचा खर्च. तेव्हा शेंडे आणि नवी फुलं खुडून टाका, असलेली फळं भरतील.

मेथी आणि कोथिंबिरीची दुसरी पेरणी: काढणीचे दिवस अधिक चौदा. दिवस लहान होत जातात, वाढ मंदावते, म्हणून हे चौदा. मेथी ३५ दिवसांची आणि पहिला फ्रॉस्ट १८ ऑक्टोबरला धरला तर त्याच्या सात आठवडे आधी, ऑगस्टअखेर.

वालाच्या पापडीवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. भारतातून आणलेल्या वालाच्या अनेक जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. उन्हाळाभर वेल मांडव भरून टाकतो, सप्टेंबरात फुलं येतात, शेंगा बोटभर होतात आणि फ्रॉस्ट येतो. खत वाढवून, पाणी वाढवून काही होत नाही. लांब दिवसांतही फुलणारी लवकरची जात मागवा, नाहीतर तो वेल सावलीसाठी आहे असं मान्य करा.

फ्रॉस्टच्या आदल्या दुपारी सगळ्या मिरच्या, वांगी, भेंडी, दुधी उतरवून घ्या. टोमॅटोंत रंग वळू लागलेले आणि पूर्ण वाढलेले, फिकट हिरवे वेगळे काढा. ते घरात ५५ ते ७०च्या दरम्यान, एकमेकांना न लागता कागदावर पिकतात. फ्रिजमध्ये पिकत नाहीत. लहान, गडद हिरवे कुठेच पिकत नाहीत. त्यांची दाण्याचं कूट घालून चटणी करा.

टप्पा ९: कुंड्या आत घेणं हे आठवड्याभराचं काम आहे

कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, लिंबू आणि तुळस यांच्यासाठी फ्रॉस्टची वाट बघायचीच नाही. रात्रीचा पारा सलग ५०च्या खाली जाऊ लागला की ती आत. माझ्याकडे हे सप्टेंबरच्या अखेरीस होतं. तुळशीचं लग्न बहुतेक वर्षी नोव्हेंबरात येतं आणि बाहेरची तुळस इथे त्याच्या कितीतरी आधी काळी पडते. लग्नाला नवरी हवी असेल तर नवरात्राच्या आसपास तिला घरात घ्या. थोड्या मंजिऱ्या सुकवून कागदात बांधून ठेवा, त्या पुढच्या वर्षीच्या.

आत घेण्याचा क्रम बहुतेकांचा चुकतो, आणि मग डिसेंबरात खिडकीत माव्याची आणि पांढऱ्या माशीची वसाहत होते.

१. आठ-दहा दिवस आधी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा द्या. कढीपत्त्याच्या खोडावर तपकिरी, खवल्यासारखे ठिपके दिसले तर नखाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून काढा.

२. बागेसाठी मिळणाऱ्या कीटकनाशक साबणाचा फवारा पाच ते सात दिवसांच्या अंतराने दोनदा द्या. संध्याकाळी, उन्हात नाही.

३. कुंडी उचलून तळाची भोकं बघा. मुंग्या तिथे राहतात.

४. त्यानंतर आठवडाभर कुंडी सावलीत ठेवा, म्हणजे कमी उजेडाची सवय होईल.

५. घरातलं हीटिंग सुरू होण्याआधी आत आणा. बाहेरची दमट ५० अंशांची हवा आणि आतली कोरडी ७० अंशांची हवा यांच्यातली उडी एका दिवसात झाली तर पानं गळतातच.

आत आल्यावर खत बंद, पाणी कमी. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच घाला. कढीपत्ता हिवाळ्यात थोडी किंवा बरीच पानं टाकतो. ते पाहून घाबरून जास्त पाणी घालणं हे हिवाळ्यात त्याच्या मरण्याचं मी पाहिलेलं पहिलं कारण आहे, थंडी दुसरं. कुंडी बदलायचीच असेल तर ती वसंतात, आत्ता नाही.

*सावध:* झाड गेलं तर फ्लोरिडातल्या भावाकडून गाडीत घालून दुसरं आणू नका. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. सिट्रस ग्रीनिंग हा रोग पसरवणारा एशियन सिट्रस सिलिड हा कीटक त्यावर वाढतो, म्हणून त्याच्या रोपांच्या वाहतुकीवर नियम आहेत. आपल्या राज्यातल्या परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या.

टप्पा १०: फ्रॉस्टनंतरची सकाळ

काही करू नका. खरंच. काळं पडलेलं लगेच छाटण्याची सुरसुरी येते, ती आवरा. किती मेलंय ते दोन-तीन दिवसांनी कळतं, आणि तोवर मेलेली पानं खालच्या जिवंत भागाला पुढच्या रात्री थोडा आडोसा देतात. खत घालू नका. माती कोरडी असेल तर थोडं पाणी द्या.

मग एकेक बघा. टोमॅटोचा शेंडा गेला आणि खालचं खोड हिरवं, टणक असेल तर तो फुटतो, पण मेमध्ये नवं रोप लावणं सहसा लवकर फळ देतं. मिरची कधी कधी आश्चर्याने परत येते, तिला दोन आठवडे द्या. तुळस काळी पडली की गेली. दुधी-दोडक्याचं कोवळं रोपही गेलं. पण जमीन आता तापतेय, पुन्हा टोचा, आठवड्यात उगवेल.

बाहेर राहून गेलेला कढीपत्ता लगेच फेकू नका. नखाने साल हलकेच खरवडा, खाली हिरवं दिसलं तर तेवढी फांदी जिवंत आहे. शेंड्याकडून खाली येत जा, हिरवं कुठे लागतं तिथे दोरा बांधून खूण करा, आणि कुंडी घरात सर्वात उजेडाच्या खिडकीत ठेवा. छाटायचं ते वसंतात नवी फूट दिसल्यावर, दोऱ्याच्या वर. माझं एक झाड ऑक्टोबरात पूर्ण काळवंडलं होतं, पुढच्या जूनमध्ये मातीलगतच्या बुंध्यातून तीन फुटवे आले.

आणि त्याच सकाळी, चहाच्या आधी, थर्मामीटरवरचं किमान, अंदाजातलं किमान, रात्रीचा दवबिंदू आणि कोणत्या कोपऱ्यातलं काय गेलं हे वहीत लिहा. दुपारपर्यंत विसरायला होतं.